लाईट जाऊन आली की बरं होतं, दोन तासांत परत बिघडतं : डीव्हीआर आणि नेटचा न संपणारा त्रास

तक्रार ठरलेली असते. "नेट लई हळू चालायलंय. मोबाईलवर कॅमेऱ्याचं चित्र येईना. लाईट जाऊन आली की दोन-तीन तास झकास चालतं, मग परत तेच." परभणीत माझं कॅमेरे बसवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. गंगाखेड, पालम, पूर्णा, मानवत, कुठूनही फोन आला तरी शब्द जवळपास हेच. सांगणाऱ्याने मनाशी निदानही केलेलं असतं, "व्होल्टेज कमी-जास्त होतंय, त्यानं असंल." बसवणाराही ॲडॉप्टर बदलतो, फार तर स्टॅबिलायझर जोडून देतो. मीही कित्येक घरी तेच केलं.

पण थोडं थांबून विचार करा. व्होल्टेजनं बिघडणारं यंत्र लाईट गेल्या-आल्यावर आणखी बिघडायला पाहिजे. हे तर बरं होतंय. जे यंत्र बंद-चालू केल्यावर बरं होतं आणि काही वेळानं आपोआप आजारी पडतं, त्याच्या आत काहीतरी येतंय आणि लाईट गेली की ते निघून जातंय. दोष विजेत नाही. दार उघडं आहे.

हे मला कळलं ते गंगाखेडच्या एका निवृत्त गुरुजींच्या वहीमुळे. घरी ते आणि काकू दोघंच, मुलगा पुण्याला. त्याच्या समाधानासाठी बाहेर चार कॅमेरे, माळ्यावर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवून ठेवणारा डबा, आणि बैठकीत एक फिरता वायफाय कॅमेरा. पहिल्या खेपेला मी ॲडॉप्टर बदलला. दुसऱ्या खेपेला डीव्हीआर बंद-चालू करून पासवर्ड बदलला आणि खुशीत परतलो. संध्याकाळी सातला फोन. "अरे, सकाळीच नीट केलास की. परत तसंच व्हायलंय." तिसऱ्यांदा गेलो तर गुरुजींनी शंभर पानी वही पुढं केली. आडव्या-उभ्या रेघा मारून रकाने केलेले : वार, लाईट गेली, लाईट आली, नेट चांगलं, नेट बिघडलं. बावीस दिवसांच्या नोंदी, शाळेच्या हजेरीसारख्या. लाईट सकाळी अकराला गेली, एकला आली, तीनला नेट बिघडलं. ज्या दिवशी लाईट गेलीच नाही, त्या दिवशी नेट सकाळपासून रात्रीपर्यंत वाईट. बावीस दिवसांत याला अपवाद एकच. त्या दिवशी काकूंनी साफसफाईसाठी डीव्हीआरच्या सगळ्या वायरी काढल्या आणि नेटची वायर परत लावायची राहिली, तो अख्खा दिवस नेट उत्तम.

निदान त्या एका ओळीत होतं.

आत काय शिरतं, ते सांगतो. डीव्हीआर, वायफाय कॅमेरा, राऊटर हे सगळे छोटे संगणकच आहेत, बहुतेकांच्या आत लिनक्स नावाची संगणक प्रणाली चालते. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक व्हायरस अशाच यंत्रांमध्ये पसरला. तो इंटरनेटवर दिसेल त्या पत्त्याचं दार ठोठावायचा आणि कारखान्यातून आलेले नाव-पासवर्ड लावून बघायचा. 'ॲडमिन-ॲडमिन', 'रूट-१२३४५' अशा साठेक जोड्याच त्याच्याकडे होत्या. तेवढ्या पुरल्या, कारण पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच घरगुती यंत्रांची फौज साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या अमेरिकी कंपनीवर सोडली गेली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट कित्येक तास अडखळल्या. त्या फौजेत कुणाच्या तरी दुकानातले, कुणाच्या तरी माळ्यावरचे डीव्हीआर होते. मालकाला पत्ताही नव्हता. मिराईचा कोड तेव्हाच उघड्यावर टाकला गेला, आणि त्याची पिलावळ अजून फिरते आहे.

आपल्या तक्रारीशी जुळणारी गोष्ट पुढची. मिराई यंत्राच्या फक्त मेमरीत राहतो, कायमच्या साठवणीत लिहिला जात नाही. वीज गेली की पुसला जातो. पण पासवर्ड तोच आणि दारही उघडंच असेल, तर पुढचा ठोठावणारा थोड्याच वेळात आत. लोडशेडिंग म्हणजे आपल्याकडे फुकटचं औषध झालं आहे, तेही दोन तासांपुरतं.

नेट का मंदावतं? आत शिरलेला व्हायरस तुमच्या वायरीतून इतरांची दारं ठोठावत बसतो, नाहीतर त्याला चालवणारा सांगेल त्याच्यावर मारा करतो. घरच्या राऊटरला एका वेळी ठरावीक जोडण्यांचाच हिशोब ठेवता येतो. तो हिशोब भरला की नव्या पानाला जागा उरत नाही. म्हणून कधी कधी स्पीड टेस्ट बरी येते, पण बँकेचं पान उघडत नाही. नेटवाला म्हणतो "आमच्याकडून फुल स्पीड आहे". तो खोटं बोलत नसतो.

खात्री करून घ्यायला मशीन लागत नाही. डीव्हीआरच्या मागची नेटची वायर काढा, क्लिप दाबून. अर्धा दिवस तशीच ठेवा. रेकॉर्डिंग चालूच राहतं, ते हार्ड डिस्कवर होतं. नेट काढलं की कॅमेरे बंद पडतात ही भीती मनातून काढून टाका, मोबाईलवर तेवढं दिसणार नाही. या वेळात घरातलं बाकी नेट सुधारलं तर चोर सापडला. नाही सुधारलं, तर वायर परत न लावता वायफाय कॅमेरा, टीव्ही, टीव्हीचा बॉक्स असं एकेक बंद करत जा. दुसरी खूण : टीव्हीवर डीव्हीआरचं चित्र व्यवस्थित दिसतं, पण संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडत नाही. आत बसलेला व्हायरस दुसऱ्या कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून ती वाट स्वतःच बंद करतो. मिराई तर नेमकं हेच करायचा. गुरुजींकडे हीच खूण मी दोनदा पाहिली होती आणि 'सॉफ्टवेअर अडकलं' म्हणून सोडून दिली होती.

आता दुरुस्ती. इथं क्रमच सगळं ठरवतो. माझी दुसरी खेप वाया गेली, कारण नेट जोडलेलं असतानाच मी डीव्हीआर बंद-चालू केला. पासवर्ड बदलायला मेनूपर्यंत पोहोचेपर्यंत तो परत आत आला असणार. यूएस-सर्ट या अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०१६ मध्येच याबद्दल सूचना काढली होती : आधी नेट तोडा, मग यंत्र बंद-चालू करा, पासवर्ड बदला, आणि त्यानंतरच नेट जोडा. मी ती वाचलेलीही होती. घाईत उलटं केलं.

तर आधी डीव्हीआरची नेटची वायर काढा. मग त्याची वीज काढून मिनिटभर थांबा आणि चालू करा. माऊस आणि टीव्ही थेट जोडून मेनूत जा. ॲडमिनचा पासवर्ड बदला. जुन्या डीव्हीआरमध्ये सहा किंवा आठच अक्षरं बसतात, जितकी बसतील तितकी पूर्ण वापरा. मोबाईल नंबर, मुलाचं नाव, गाडीचा नंबर नको. वापरकर्त्यांची यादी उघडा. तिथं 'डिफॉल्ट', 'गेस्ट' किंवा ओळखीचं नसलेलं नाव असेल तर काढा. नेटवर्कच्या मेनूत यूपीएनपी, टेलनेट, डीडीएनएस या बाहेरून डीव्हीआरपर्यंत पोहोचवणाऱ्या सोयी दिसतील तेवढ्या बंद करा. नवा पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. पण डीव्हीआरच्या मागं कागद चिकटवून किंवा मीटरशेजारी भिंतीवर मार्करनं लिहू नका. अशा भिंती मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

वायर अजून लावायची नाही. आता राऊटर. खरी गोम बहुतेक वेळा इथंच असते.

राऊटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो. आत गेल्यावर तीन ठिकाणं बघा : पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड आणि यूपीएनपी. सात-आठ वर्षांपूर्वी मोबाईलवर कॅमेरे दाखवायचे म्हणजे राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची क्रमांकाची दारं, उघडावे लागायचे. ८०००, ३७७७७, ३४५६७ असे आकडे यादीत दिसले तर ते डीव्हीआरसाठी उघडलेले समजा. कुणी एकेक पोर्ट उघडायच्या भानगडीत न पडता अख्खा डीव्हीआर डीएमझेडमध्ये टाकायचा. म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक हाक सरळ त्याच्याकडे. घराला कुंपण आहे, फाटक आहे, पण डीव्हीआर रस्त्यावर नेऊन ठेवल्यासारखं. गुरुजींकडे तेच होतं, वर स्टॅटिक आयपीही घेतलेला, म्हणजे पत्ताही कधी न बदलणारा. मीसुद्धा त्या काळात लोकांना असे पोर्ट उघडून दिलेत. आता आठवून आठवून त्या घरी जातो आणि बंद करून येतो, पैसे घेत नाही.

ही सगळी उघडी दारं पुसून टाका. यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच राऊटरला सांगून परत दार उघडून घेतो. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून राऊटरची सेटिंग बदलायची सोय, बंद. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. वायफायचा वेगळा, राऊटरमध्ये शिरायचा वेगळा, हे दोन पासवर्ड आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. हे झाल्यावर डीव्हीआर आणखी एकदा बंद-चालू करा, आणि आत्ता वायर लावा.

कुणी विचारेल, पासवर्ड बदलल्यावर राऊटरचा एवढा खटाटोप कशाला? काही डीव्हीआरमध्ये टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातच कोरलेला असतो. मेनूत तुम्ही काहीही बदला, आतला तोच राहतो. २०१६ च्या त्या हल्ल्यानंतर चीनच्या शिओंगमाय कंपनीनं अमेरिकेतली काही उत्पादनं परत मागवली, त्याचं कारण हेच होतं. तिचेच सुटे बोर्ड वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत विकले गेले. कुलूप बदलता येत नसेल तर वाटच बंद करायची. म्हणून राऊटर.

मोबाईलवर कॅमेरे मग दिसणार कसे? कंपनीच्या ॲपमधून, क्यूआर कोड स्कॅन करून. त्याला पोर्ट उघडावे लागत नाहीत, स्टॅटिक आयपीही नको. त्यातही धोका नाही असं नाही. २०१९ मध्ये एका संशोधकानं दाखवलं होतं, की अशाच जोडणीच्या एका प्रकारात यंत्राचा ओळख क्रमांक अंदाजानं काढता येतो. अशी वीस लाखांवर यंत्रं त्याला सापडली होती. तरी मजबूत पासवर्ड लावलेलं ॲप हे उघड्या डीएमझेडपेक्षा कितीतरी बरं.

एवढं करूनही परत आलं तर?

महिन्याभरानं गुरुजींचा परत फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जाऊन पाहिलं तर राऊटर नवा. जुना जळाला म्हणून नेटवाल्यानं बदलून दिलेला, त्यात यूपीएनपी चालू, पासवर्ड कारखान्याचा. कधी कधी राऊटर तोच असतो, पण नेटवाल्याकडून दुरून नवी सेटिंग येते आणि तुमचे बदल पुसले जातात. तशी सोय त्या राऊटरमध्ये असतेच. त्यामुळं राऊटर बदलला, नेटवाला येऊन गेला, किंवा कुणी रीसेटचं बटण दाबलं, की ती तीन ठिकाणं पुन्हा तपासायची. गुरुजींनी आता वहीत त्यासाठी वेगळा रकाना केला आहे.

आणि सगळेच व्हायरस वीज गेल्यानं मरत नाहीत. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर सापडला. ५४ देशांत पाच लाख राऊटर आणि तत्सम यंत्रं, आणि त्याचा पहिला टप्पा बंद-चालू केल्यावरही टिकून राहायचा. अशा वेळी फॅक्टरी रीसेट करून नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, टाकावं लागतं. फर्मवेअर टाकताना एक काळजी आपल्याकडे सगळ्यात मोठी : मधेच लाईट गेली तर यंत्र कायमचं बसतं. इन्व्हर्टरवर घेऊनच करा, आणि फाईल अगदी त्याच मॉडेलची हवी, 'तशीच दिसते' चालत नाही. कंपनी फर्मवेअरच देत नसेल तर त्या डीव्हीआरला नेट जोडूच नका. नुसतं रेकॉर्डिंग करायला तो छान आहे.

आता बैठकीतला फिरता कॅमेरा. काकू त्याला घाबरायच्या, "रातच्याला आपोआप मान वळवतंय बघा." त्याच्यावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला होता. इथं आधी साध्या कारणांकडे बघायचं. असे कॅमेरे वीज आली की एकदा पूर्ण गोल फिरून स्वतःची जागा ठरवतात. रात्री लाईट जाऊन आली की तो फिरणारच. हालचालीमागे फिरायची सोय चालू असेल तर मांजरामागंही फिरतो. पुण्याहून मुलगा बघत असेल तरी फिरतो. लाईट स्थिर, हालचाल नाही, घरातला कुणी ॲपमध्ये नाही, आणि तरी फिरला किंवा त्यातून आवाज आला, तर मात्र वीज तिथल्या तिथं काढा.

आणि ॲपमधली 'शेअर' यादी उघडा. गुरुजींच्या कॅमेऱ्याचा मूळ मालक तिथं त्यांचा मुलगा नव्हताच. कॅमेरा बसवणाऱ्यानं घाईत स्वतःच्या मोबाईल नंबरवर खातं उघडून मुलाला नुसता शेअर केलेला. म्हणजे बैठकीतलं चित्र त्या माणसाच्या खिशात कायमचं. त्यानं कधी बघितलंही नसेल. पण आपल्या तालुक्याच्या गावांत हे इतकं सर्रास होतं, की मला याची सगळ्यात जास्त चिंता वाटते. यात कुणी दार फोडलेलंच नसतं, किल्ली दुसऱ्याकडे राहिलेली असते, आणि ती कुठल्या पासवर्डनं परत येत नाही. ज्याच्या खात्यावर कॅमेरा आहे त्यानंच तो तिथून काढायला हवा, मग रीसेट करून आपल्या खात्यावर घ्यायचा. बसवणाऱ्या भावांना माझं हात जोडून सांगणं आहे : गिऱ्हाईकाच्या नंबरवरच खातं उघडा. मी घरमालकाच्या हातात फोन देतो, पासवर्ड त्यालाच टाकायला लावतो आणि तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहतो. वृद्ध माणसांना वेळ लागतो. लागू द्या.

झोपायच्या खोलीत, न्हाणीच्या तोंडाशी कॅमेरा नकोच. मुलींच्या खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी तर कॅमेरा कुठं वळतो ते स्वतः उभं राहून बघावं. कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असं काही बाहेर गेल्याची शंका आली तर केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन लावा. यंत्र रीसेट करायच्या आधी ॲपमधल्या लॉगिनच्या नोंदींचे फोटो काढून ठेवा. रीसेटनं पुरावा पुसला जातो.

टीव्ही, स्मार्ट बल्ब, स्पीकर यांच्यासाठी राऊटरमध्ये 'गेस्ट' वायफाय, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करा आणि ही सगळी मंडळी तिकडे टाका. बँकेचा मोबाईल आणि मुलांचा लॅपटॉप मुख्य वायफायवर. दहा मिनिटांचं काम आहे. शेतातल्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरला नेट नसतं, सिम असतं, पण रोग तोच : ठरावीक नंबर नोंदवायची सोय असूनही नोंदवलेले नसतात, आणि पासवर्ड डब्यावर छापलेलाच. नंबर नोंदवून घ्या, नाहीतर कुणाचाही फोन मोटार सुरू करू शकतो. कोरड्या विहिरीत रात्रभर मोटार चालली तर वाइंडिंग जळतं.

नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, पहिल्यांदा चालू करताना पासवर्ड टाकायला भाग पाडतो का? भाग पाडणारा घ्या. आपल्या सरकारनंही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सुरक्षेची चाचणी आणि प्रमाणपत्र बंधनकारक केलं आहे. ते आहे का, हेही बिलासोबत विचारून घ्या. पण नियम नव्या मालाला लागतो. माळ्यावर आधीच बसलेल्या डीव्हीआरसाठी कुणी येणार नाही, ती वायर आपल्यालाच काढायची आहे.

गुरुजींचा डीव्हीआर शेवटी आम्ही बदललाच, फार जुना होता. भंगारवाला दारात आला तेव्हा मी आतली हार्ड डिस्क काढून घेतली. तिच्यात तीन आठवड्यांचं घर होतं : कोण कधी येतं, काकू कधी एकट्या असतात, किल्ली कुठल्या कुंडीखाली ठेवतात. डिस्क काढून घेऊनच डबा भंगारात द्या. चार स्क्रू असतात.